शीतलच्या नावाची हजेरी

"चल, काढ तो गणवेश. साहेब गेले."

गुरुजी असं म्हणाले तेव्हा मी दुसरीच्या वर्गात बसकर पट्टीवर मांडी घालून बसले होते. साहेबांची जीप फाटकातून नुकतीच बाहेर पडली होती, धूळही खाली बसली नव्हती. माझ्या अंगात माझा फ्रॉक होता आणि त्याच्यावरून पांढरा शर्ट आणि निळा स्कर्ट चढवलेला. दिवस उन्हाळ्याचे. आतून नुसता घाम. मी घाईघाईनं बटणं काढायला लागले, पण गळ्यापाशी एक बटण घट्ट होतं, ते काही निघेना. गुरुजी स्वतः आले. त्यांनी शर्ट डोक्यावरून ओढला. माझी वेणी अडकली. ओढला तसे केस उपटून आले.

गावातली पोरं बघत होती. कोणीतरी फिस्सकन हसलं.

गुरुजींनी शर्ट हातात धरला, नाकाशी नेला आणि तोंड वाकडं केलं. मग खिचडी करणाऱ्या हौसामावशींकडे तो फेकून म्हणाले, "हे धुऊन ठेवा. उकळत्या पाण्यात."

उकळत्या पाण्यात! खरजेच्या माणसाचे कपडे उकळतात. मला खरूज नव्हती. आईनं सकाळीच मला दगडानं घासून आंघोळ घातली होती.

तरी मी ओळीत जाऊन बसले. खिचडीचा वास सुटला होता ना. ताटली उचलली, तर मावशींनी हातातून काढून घेतली. "आगं, ताटल्या पटावरच्या पोरांच्या हायेत. तू थांब तितं." मग रद्दी पेपरवर डाव रिकामा केला. खिचडी गरम, पेपर लगेच भिजला, खालून तळहात भाजायला लागला. मी शाळेच्या मागच्या भिंतीपाशी उभी राहून ती खाल्ली. सगळी खाल्ली. भूक होती, खोटं कशाला बोलू?

त्या गावाचं नाव मी लिहीत नाही. हिंजवडीच्या पलीकडं, एवढं पुरे. आता ते गाव उरलेलं पण नाही, कंपनीच्या गाड्या थांबायची एक जागा उरली आहे.

आम्ही वाशिमकडचे. गावाच्या शेवटच्या आळीतले. आमच्या आळीचं नाव सांगितलं की पुढचं आडनाव कोणी विचारत नाही, सगळं कळतं त्यांना. बाप सेंट्रिंगच्या गँगमध्ये, आई घमेली उचलायला. कंपनीच्या काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या आणि आम्ही त्यांच्या पायथ्याशी पत्र्याच्या खोल्यांत राहत होतो. लेबर कॅम्प म्हणायचे. कॅम्पात पोरंच पोरं. दिवसभर वाळूच्या ढिगावर. आणि वाळूच्या ढिगावरून शाळा दिसायची.

ती शाळा पूर्वी गच्च भरलेली असायची म्हणे. एका यत्तेच्या दोन-दोन तुकड्या. पोरं दाटीवाटीनं बसायची, काहींना व्हरांड्यात बसवावं लागायचं. मग उसाच्या जमिनी विकल्या गेल्या. ज्यांच्या विकल्या गेल्या त्यांचे बंगले झाले, दारात गाड्या आल्या, आणि रस्त्याच्या कडेला एक इंग्रजी शाळा निघाली. पिवळी बस दारापर्यंत यायची. आधी पाटलांची पोरं त्या बसमध्ये चढली. मग त्यांच्या भावकीची. मग दुकानदाराची. ज्याच्याकडं थोडी ऐपत आली तो पोराला टाय बांधायला लागला. इकडं वर्ग ओस. पट्ट्या गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेल्या. मोठ्या वर्गात चार डोकी इकडं, चार तिकडं.

पण पटावर सगळी नावं जागच्या जागी! कारण काय, तर पटावरची पोरं कमी झाली की एक गुरुजी जादा ठरतो. जादा ठरला की त्याची बदली कुठं तरी लांब डोंगरात. आमचे गुरुजी बिबवेवाडीहून स्कूटरवर यायचे. त्यांना डोंगरात जायचं नव्हतं. त्यांची स्वतःची मुलं कुठल्या शाळेत होती ते मी सांगायला नको.

आता कोणीही म्हणेल, अहो, एवढी पोरं वाळूत लोळत होती, ती घ्यायची ना पटावर! सोप्पं होतं. माझी आई तेच बोलायला गेली होती. मी तिच्या लुगड्याला धरून उभी होते.

"गुरुजी, माह्या पोरीले शाळेत घ्या जी. हुशार हाये ते."

गुरुजी खुर्चीवरून उठले नाहीत. म्हणाले, "आज इथे, उद्या तिथे. तुमचा काय नेम? गावाकडचा जन्मदाखला आणा."

"दाखला नाई जी."

"मग शाळाही नाही." आणि मग जरा खालच्या आवाजात, समजुतीनं बोलल्यासारखं, "हे बघा बाई, तुमची पोरं मांडीला मांडी लावून बसवली ना, तर गावातली उरलीसुरली आहेत तीही जातील. गावकरी मला आजच बोलून गेलेत. मी काय करू?"

आई म्हणाली, "काई नका करू." आणि आम्ही परत आलो. तेव्हा मला राग आईचा आला. भांडायचं ना! चूल बंद पडली की मुकादमाशी भांडायची ती, पाण्यावरून सगळ्या कॅम्पाशी भांडायची. शाळेत मात्र तिच्या तोंडाला कुलूप.

तपासणी असली की मात्र आमची आठवण व्हायची. आदल्या दिवशी हौसामावशी कॅम्पात यायच्या. मुकादम नाक्यावर माणसं निवडतो ना, तशा आमच्यातल्या पोरी-पोरं निवडायच्या. "तू चल. तू न्हाय, तुझं नाक गळतंय. तू चल." मग शाळेत नेऊन तालीम. गुरुजी एकेकाला नाव वाटून द्यायचे. माझ्या वाट्याला आलं शीतल.

"शीतल म्हटलं की तू काय म्हणायचं?"

"हजर."

"मोठ्यानं. आणि 'मले-तुले' काही बोलायचं नाही. विचारलं तर मान हलवायची."

शीतल पाटलांची. पिवळ्या बसनं जायची. मी तिला रोज बघायचे, चॉकलेटी बूट, पाठीवर दप्तर, केसात रिबिनी. तिच्या जागेवर मी बसायचे. तिच्या नावानं हजर म्हणायचे. साहेब वर्गात यायचे, डोकी मोजायचे, पट बघायचे, बरोबर जुळायचं. गुरुजींच्या कपाळावरचा घाम निवायचा.

आणि मी येडी! मला वाटायचं, मी शाळेत जाते. मला खरंच वाटायचं. गुरुजी नाव घेतात, मी हजर म्हणते, म्हणजे शाळेत नाही तर काय? नाव शीतल का, हा प्रश्न मला पडलाच नाही. मला वाटलं शाळेत वेगळं नाव देत असतील, आमच्या आळीचं नाव चालत नसेल. गणवेश परत घेतात ते मळू नये म्हणून. मी घरी जाऊन आईला सांगितलं, "आई, मी दुसरीत हाये."

आई घमेलं खाली ठेवून माझ्याकडं बघतच राहिली. "खरं?"

"हो. माझं नाव घेतात. मी हजर म्हणते."

आईनं त्या रात्री बापाला सांगितलं. शेजारणीला सांगितलं. दुसऱ्या दिवशी तिनं अर्धा दिवस खाडा केला. मला न्हाऊ घातलं, तेल चोपडून दोन वेण्या घातल्या, सिमेंटच्या गोणीची पिशवी शिवली, तिच्यात पाटीचा एक फुटका तुकडा ठेवला. स्वतः धुतलेलं लुगडं नेसली. मला हाताला धरून शाळेच्या फाटकापर्यंत नेलं. तोंड असं फुललेलं तिचं! मी तिला तसं कधी बघितलं नव्हतं, नंतरही नाही.

गुरुजी फाटकात स्कूटर लावत होते. आम्हाला बघून थांबले.

"काय हो? आज कुठे तपासणी आहे?"

आईला कळलंच नाही. ती हसून म्हणाली, "शाळेत सोडाले आली जी. दुसरीत हाये ना ते."

गुरुजी आधी तिच्याकडं बघत राहिले, मग माझ्याकडं, मग पिशवीकडं. आणि हसायला लागले. इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसले. आतून दुसरे गुरुजी आले, त्यांना म्हणाले, "अहो ऐकलंत का, आपली शीतल आली बघा शाळेत. पालकांसह!" दोघं हसले. पोरं जमली, ती हसली. हौसामावशी भांडी घासत होत्या, त्या मात्र खाली मान घालून घासतच राहिल्या.

"बाई, घेऊन जा तिला," गुरुजी म्हणाले. "लागेल तेव्हा बोलावू."

लागेल तेव्हा. फावडं लागतं, घमेलं लागतं, तशी मी लागणार होते.

आईनं कॅम्पापर्यंत माझा हात सोडला नाही. पण हात थंडगार झाला होता. खोलीत आल्यावर तिनं माझ्या वेण्या सोडल्या, धुतलेलं लुगडं सोडून कामाचं नेसली आणि गेली कामावर, अर्धा दिवस तरी भरावा म्हणून. मी पत्र्याला टेकून बसले. मला रडू येत नव्हतं. मला लाज वाटत होती, ती आईची नाही, माझी नाही, त्या हजर म्हणणाऱ्या माझ्या आवाजाची. किती मोठ्यानं म्हणायचे मी! सगळ्यात मोठ्यानं.

काही दिवसांनी मावशी पुन्हा आल्या. आई जा म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. मी उठून गेले. का गेले ते मला माहीत होतं.

या खेपेला साहेब नवे होते. पोट सुटलेले, सभ्य दिसणारे, हातात पेन. गुरुजी नावं घेत होते. पोरं हजर, हजर म्हणत होती. निम्मी आमच्या कॅम्पातली.

"शीतल."

मी गप्प.

"शीतल!"

मी गुरुजींकडं बघत होते. त्यांनी डोळे वटारले. मग साहेबांकडं वळून हसले. "जरा लाजते."

लाजते? मी? मी उभी राहिले.

"शीतल पिवळ्या बसनं जाते. मी शीतल नाई. माझं नाव पटावर नाई. मले पटावर घ्या, नाईतर मी हजर म्हननार नाई."

कॅम्पातली पोरं माझ्याकडं बघायला लागली. मला वाटलं, आता होईल. साहेब गुरुजींना बोलतील. नाव विचारतील माझं. मी नाव तयार ठेवलं होतं, बापाचं नाव, आडनाव, सगळं. पाठ केलं होतं.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. गुरुजींकडं बघून म्हणाले, "गुरुजी, पाणी मिळेल का जरा?"

दोघं ऑफिसात गेले. दार लोटलं. जरा वेळानं मावशी चहाचे कप घेऊन आत गेल्या. आतून बोलण्याचा आवाज आला, मग हसण्याचा. मी उभीच. कोणी बस म्हणालं नाही. मग जीप गेली. मी तो गणवेश स्वतः काढला, पट्टीवर ठेवला आणि खिचडी न खाता बाहेर पडले.

मला सांगा, यात काय बदललं? काही नाही. पुढच्या तपासणीला शीतल म्हणून दुसरी पोरगी नेली. आमच्या मुकादमाला मात्र गावातून निरोप आला, गावाशी वाकडं घेणारी माणसं साइटवर नकोत. बापाला गँगमधून काढलं. बापानं मला मारलं नाही, आईनं मारलं. एक सणसणीत थोबाडीत. "तुले कोनं सांगतलं बोलाले?" टेम्पोत भांडीकुंडी टाकून आम्ही वाघोलीकडं निघालो, तिकडं नव्या इमारतींचं काम होतं. टेम्पोत पाठीमागं, गोधड्यांवर बसल्यावर आई माझ्या गालावरून हात फिरवत म्हणाली, "बोल्ली तं बरं केलं. पन तुह्यं नाव काई चढलं नाई व माय."

खरंच नाही चढलं. कधीच नाही. वाघोलीच्या साइटवर एक ताई फळा घेऊन यायच्या, त्यांच्याकडं मी अक्षरं शिकले. शेवटचा स्लॅब ओतून झाला, साइट बदलली, ताई मागं राहिल्या. पुढचं मी दुकानाच्या पाट्या वाचून शिकले. आज मी लिहिते ते तेवढ्या भांडवलावर. पण कुठल्याही शाळेच्या पटावर माझं नाव नाही. जगात मी कुठल्याच वर्गात कधी नव्हते.

आता मी एका आयटी कंपनीत हाउसकीपिंगला आहे. काचा पुसते, संडास धुते. नवरा कंपनीची गाडी चालवतो. वाघोलीतच एका खोलीत राहतो. मुलगी झाली तेव्हाच मी जन्मदाखला काढून डब्यात ठेवला. सहा वर्षांची झाल्यावर तिला वस्तीजवळच्या सरकारी शाळेत घेऊन गेले. बाईंनी तिचं नाव विचारलं. तिनं सांगितलं. बाईंनी लिहिलं, नाव, बापाचं नाव, आडनाव, पूर्ण. मी म्हटलं, "बाई, परत वाचून दाखवता?" त्यांनी दाखवलं. मी तिथंच रडले. बाईंना वाटलं मुलगी दूर जाते म्हणून रडते.

तेव्हा वर्ग बऱ्यापैकी भरलेला होता. पुढच्या वर्षी जागा मोकळ्या दिसायला लागल्या. आमच्या वस्तीच्या आजूबाजूला दर दोन गल्ल्यांआड एक 'इंटरनॅशनल' उघडली. दोन गाळे, वर कार्टूनची चित्रं, झालं इंटरनॅशनल. धुणी-भांडी करणाऱ्या बायकासुद्धा पोरं तिकडं घालायला लागल्या. त्यांना तरी काय बोलू? कोणाला वाटतं आपल्या पोरानं मागं राहावं? शेजारीण मला म्हणाली, "अगं, मराठी शाळेत आता फक्त राहिलेले राहतात." बोलून गेली आणि मग तिच्या लक्षात आलं, माझी तिथंच आहे.

मी सुट्टीच्या दिवशी साइटवर गेले. कॅम्पातल्या बायकांना म्हटलं, पोरं द्या शाळेत, दाखला नसला तरी घ्यावंच लागतं आता, मी येते बरोबर. काही आल्या. बाईंनी पोरांची नावं घातली, खरी नावं, हे सांगते, त्या बाई चांगल्या आहेत. वर्गात पुन्हा आवाज आला. मग स्लॅबचं काम संपलं, ठेकेदारानं माणसं दुसरीकडं हलवली, आणि पोरं गेली. मी परत गेले, परत आणली. परत गेली. आता समोरचं काम संपलं, तिथं सोसायटी झाली आहे. सोसायटीतली पोरं या शाळेच्या फाटकावरून बसनं जातात.

आता तिसरीत माझी मुलगी आणि वॉचमनचा मुलगा, एवढीच. बाकीचे वर्ग रिकामे. वॉचमन गावी जाणार म्हणतो.

परवा बाईंनी मला बोलावलं. खुर्ची दिली बसायला. म्हणाल्या, "ताई, शाळा बंद करायचं ठरतंय. पट नाही. मुलांना हायवेच्या पलीकडच्या शाळेत घेतील. तुम्ही संमतीची सही द्या, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला लगेच मिळेल."

"हायवे ओलांडून? डंपर असतात तिथं. पोर आठ वर्षांची आहे."

"मला कळतं हो. मीही जादा ठरणार आहे, माझंही काय होणार ते माहीत नाही." त्यांचा आवाज थकलेला होता. "पण एका मुलीसाठी कोणी शाळा चालवत नाही."

घरी नवरा म्हणाला, "दे ना सही. कशाला अडून बसते? तुझ्या एकटीच्या सहीनं शाळा राहणारे का?" मला माहीत आहे, राहणार नाही. मी काही बाळबोध नाही. आज ना उद्या कोणीतरी कुलूप घेऊन येईल, ही जागाही सोसायटीच्या पार्किंगला जाईल. मी जिंकणार नाही. माझ्या आईनं 'काई नका करू' म्हटलं आणि घरी आली, मी ओरडले आणि तरी रस्त्यावर आले. गप्प बसून काही मिळत नाही, बोलूनही मिळत नाही, हे मी दोन्हीकडून बघितलं आहे.

तरी मी बाईंना सांगून आले. सही देणार नाही. माझी मुलगी रोज शाळा भरायच्या वेळेला येईल. वर्गात एकटी असली तरी येईल. तिची हजेरी रोज घ्यायची, नाव पूर्ण वाचायचं, आणि ती हजर म्हणेल. साहेबांना कळवा. कुलूप लावायला सुट्टीच्या दिवशी, चोरासारखं यायचं नाही, शाळा चालू असताना यायचं. ती आत बसलेली असेल, मी दारात उभी असेन. काम गेलं तरी चालेल, मी उभी असेन. आधी तिला पटावरून उठवायचं, माझ्या डोळ्यांत बघून, आणि मग लावायचं कुलूप.